मुंबई बेटाचा विस्मृत चित्रकार

कोपरगावी गोदातीरावर राघोबादादांचा वाडा पाहताना आम्हांस एका इंग्रज कारकुनाचे स्मरण होते. त्याचे नाव जेम्स फोर्ब्स. 1765 साली, अवघ्या सोळाव्या वर्षी, तो कंपनीच्या चाकरीसाठी मुंबईस निघाला. 1775 साली दादांच्या साह्यास गेलेल्या कर्नल कीटिंगचा तो चिटणीस होता. दादा 1783 साली कोपरगावी निवर्तले. 1784 साली फोर्ब्स मायदेशी परतला.

मुंबई बेट, साष्टी, घारापुरी, येथील झाडे, पक्षी, माणसे हे सारे त्याने लिहिले आणि रेखाटले. त्याची दृष्टी कंपनीच्या चाकराचीच होती. परंतु हात प्रामाणिक होता. त्याच्या हस्तलिखितांचे 150 खंड झाले. त्यांतून 1813 ते 1815 या काळात ‘ओरिएंटल मेमॉयर्स’ हा ग्रंथ चार भागांत निघाला. विख्यात फ्रेंच कॅथॉलिक इतिहासकार मोंतालांबेर हा त्याचा नातू, आणि त्याचे बालपण या आजोबांच्याच छायेत गेले, हे आपल्यांपैकी किती जणांस ठाऊक असेल?

मुंबईची सात बेटे भरावाखाली एक झाली. फोर्ब्सने पाहिलेली मुंबई आता कागदावरच उरली आहे. आमच्या खेड्यांतील जुनी मिशनघरे आणि मातीच्या भिंतींची प्रार्थनामंदिरेही पडत आहेत. त्यांचे एखादे रेखाटन, चार ओळींचे टिपण तरी आपण जपून ठेवणार आहोत काय?