गळ्याच्या मापाचा तंबोरा

गाणे शिकणे हा घरंदाज माणसालाही शोभणारा व्यासंग आहे, असे पुण्याच्या पेठांतून ज्या काळी मानले जाऊ लागले, त्या काळापासून घरात तंबोरा आणावयाचा तर तो मिरजेहून, असा एक अलिखित दस्तूर होऊन बसला. आणि त्यातली मौज अशी, की येवल्यास पैठणी घ्यावयास जाणाऱ्याला तयार माल उलगडून पाहता येत असला, तरी मिरजेच्या गिऱ्हाइकाला मात्र आधी स्वतःचा गळा कारागिरापुढे ठेवावा लागे. किमतीची गोष्ट मागाहून निघे. पहिला प्रश्न 'पट्टी कोणती?' हाच असे. काळी एक की काळी दोन, पांढरी चार की काळी चार, हे कळल्यावाचून भोपळा निवडता येत नाही, दांडीची लांबी ठरत नाही आणि तारांची जाडीही ठरत नाही. या वाद्याच्या खरेदीचा इतिहास पाहू गेल्यास तो निम्मा हाताचा आणि निम्मा कानाचा आहे. आणि कानाच्या निम्म्याकडे आमच्या इतिहासकारांनी दुर्लक्षच केले आहे, असे मला वाटते.

मिरजेच्या वाट्याला हा धंदा आला तो राज्यक्रांतीच्या पोटातून. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, 1820 मध्ये मिरज जहागिरीच्या थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या झाल्या, पटवर्धनांच्या फौजा हळूहळू ओसरल्या, आणि ज्यांच्या हातावर शिलेखान्यांची सारी भिस्त होती, त्या शिकलगारांना तलवारी पाजळण्याचे काम उरले नाही. याच शिकलगारांपैकी फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन या बंधूंनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गवयांची मोडकी वाद्ये दुरुस्त करता करता स्वतः सतारी व तंबोरे घडविण्यास प्रारंभ केला, अशी मिरजेची परंपरा सांगते; घराण्याचे आडनाव पुढे सतारमेकर झाले आणि गल्लीलाही तेच नाव पडले. पोलादाची पारख, कानशीचा हलका हात, आणि पात्याच्या धारेवरून नखाच्या टोकाने दोष ओळखण्याची सवय, हे सारे त्यांच्यापाशी पूर्वीचेच होते. लोखंडावरून ते लाकडाकडे वळले असे म्हणण्यापेक्षा, लोखंडाची शिस्त त्यांनी लाकडाला लावली, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

भोपळा येतो तो पंढरपूर–मंगळवेढ्याच्या बाजूचा, भीमेच्या काठचा. हा खाण्याचा भोपळा नव्हे. कडू, जाड सालीचा, आणि वेलावर असतानाच त्याच्या बैठकीकडे शेतकऱ्याला लक्ष ठेवावे लागते, कारण एका अंगावर कलून वाढलेला भोपळा पुढे कितीही तासला तरी वाद्याला तोल देत नाही. तो महिनोन्‌महिने वाळवावयाचा, मग तोंड कापून भिजत घालावयाचा, मऊ झाल्यावर आतून काटक्यांचे टेकू देऊन इष्ट घेर आणावयाचा, आणि पुन्हा वाळू द्यावयाचा. त्यावर तूनच्या लाकडाचा गळा, तबली आणि पोकळ दांडी सरसाने जोडली जाते. सांध्यावर कोरीव पाने बसतात, जी दिसावयास शोभेची असली तरी सांध्याला बळकटीही देतात. मर्दानी तंबोऱ्याच्या भोपळ्याचा घेर पन्नास इंचांच्या आसपास असतो. जनानी तंबोरा त्याहून बेताचा, दांडीने आखूड.

हा जनानी तंबोरा पुण्याच्या मागणीने वाढविला, असे माझे मत आहे, आणि त्याची कारणे पुण्याच्या सामाजिक इतिहासात सापडतात. 1874 मध्ये येथे पूना गायन समाज स्थापन झाला, 1911 मध्ये भास्करबुवा बखल्यांनी भारत गायन समाज उभा केला, त्याच दशकात अब्दुल करीम खाँसाहेबांचे आर्य संगीत विद्यालय पुण्यात चालत होते, आणि 1932 मध्ये विनायकबुवा पटवर्धनांनी, जे जन्मानेच मिरजेचे, गांधर्व महाविद्यालय सुरू केले. दरबारी गवयाला जन्मात तंबोऱ्यांची एखादी जोडी पुरे. परंतु जेथे वर्गात एका वेळी पंधरा-वीस विद्यार्थी बसतात, आणि ज्यांत पुढे मुलींची संख्या वाढत जाते, तेथे वाद्यांचा खप निराळ्या प्रमाणावर होतो आणि वाद्याचे मापही निराळे लागते. खाँसाहेबांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांनी पुण्यात राहून गायिकेला सभागृहात जी प्रतिष्ठा मिळवून दिली, तिच्यानंतर मध्यमवर्गीय घरात मुलीसाठी तंबोरा घेणे ही चर्चेची बाब राहिली नाही, खर्चाची राहिली.

मिरज आणि पुणे यांचा हा ऋणानुबंध एकतर्फी नव्हता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी मिरजेस शिकून विष्णू दिगंबर पलुसकर 1896 मध्ये बाहेर पडले आणि 1901 मध्ये त्यांनी लाहोरास विद्यालय काढले; पुण्याचे गांधर्व महाविद्यालय त्याच परंपरेतले. खाँसाहेब पुण्या-मुंबईकडून फिरून मिरजेसच स्थायिक झाले, आणि 1937 मध्ये मद्रासजवळ प्रवासात त्यांचा अंत झाला तरी दफन मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारातच झाले. वाद्यदुरुस्तीत खाँसाहेबांचा हात असा होता, की घोडी घासून जवारी लावण्यासाठी कारागिराची वाट पाहण्याची त्यांना गरज नसे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवरील आपला ग्रंथ 1910 मध्ये पुण्यात छापला, आणि श्रुतींच्या त्या वादात प्रात्यक्षिकासाठी खाँसाहेबांचाच गळा पुढे आला. म्हणजे जो वाद कागदावर गणिताने चालला होता, त्याचा निवाडा शेवटी गळ्याने आणि तारेनेच व्हावयाचा होता.

आता निवडीची रीत. जाणता गिऱ्हाईक प्रथम तारा छेडीत नाही. तो दांडी डोळ्यासमोर आडवी धरून मेरूपासून घोडीपर्यंत नजर टाकतो, कारण ओल्या लाकडाची दांडी वर्षभरात कमानीसारखी वाकते. मग भोपळ्यावर बोटांच्या पेरांनी टिचक्या मारीत जातो, आणि जेथे आवाज एकाएकी बद्द होतो तेथे झील-पॉलिशाखाली सरस आणि भुसा भरून बुजविलेली भेग आहे असे समजतो. तबलीला किंचित फुगीरपणा हवा; सपाट तबली तारांच्या दाबाने लवकरच आत बसते. खुंटी पिळल्यावर जागेवर राहते की मागे सरकते, हे पाहणेही तितकेच अगत्याचे. हस्तिदंती वा सेल्युलॉइडच्या नक्षीकडे पाहून विसार देऊन बसणाऱ्यास कारागीर मनातल्या मनात काय म्हणत असेल, ते सांगण्याची आवश्यकता नाही.

यानंतर जवारी. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो. त्याला इतका सूक्ष्म उतार असतो की कंप पावणारी तार त्यावर क्षणोक्षणी टेकते आणि सुटते, आणि तिच्याखाली सरकविलेल्या सुताच्या धाग्याने ते टेकणे नेमके साधते. तारेला जेथे छेडावे, तेथे ज्या उपस्वराचा स्थिरबिंदू येतो तो उपस्वर निघू नये, असे यूरोपीय ध्वनिशास्त्राचे म्हणणे होते. आमच्या तंबोऱ्यात तो निघतो, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 मध्ये दाखवून दिले आणि त्याचे श्रेय घोडीच्या वक्रतेला दिले. खर्जातून आपोआप उमटणारा जो गंधार गवई स्वयंभू म्हणतात, तो हाच उतार बोलका करतो. कारागीर कानस एकदा फिरवितो, तार चढवितो, ऐकतो, पुन्हा उतरवितो. हे काम तासभर चालते, आणि या तासात गिऱ्हाइकाने गप्प बसावयाचे नसते. उघडी जवारी हवी की बंद, हे त्यालाच सांगावे लागते, आणि ते सांगता येण्यासाठी ती आधी कानात असावी लागते. नवशिक्या शिष्याबरोबर गुरूने मिरजेस जावे ही जुनी प्रथा एवढ्याचसाठी पडली.

परदेशी वाद्यांशी तुलना करण्याची आमच्या लेखकांना फार हौस. पण एक तुलना येथे खरोखर उपयोगी आहे. अंदालुसियातील अल्मेरियाचे आंतोनियो दे तोर्रेस (1817–1892) हे मूळचे सुतार; ज्या काळात मिरजेचे शिकलगार सतारीकडे वळत होते, त्याच सुमारास त्यांनी गिटारीला तिची आजची घडण दिली. तेथील फ्लामेंको गिटार सुरूच्या पातळ लाकडाची, वजनाने हलकी. तारा पडद्यांच्या इतक्या जवळ की त्या किंचित झणझणतात, आणि जी झणझण अभिजात गिटारीत दोष ठरते ती येथे हवीशी वाटते. मात्र फ्लामेंकोचा स्वर नर्तकाच्या पायाबरोबर फुटून तत्काळ विझला पाहिजे, आणि तंबोऱ्याचा स्वर पुढची तार छेडीपर्यंत विझता कामा नये. ग्रानादाच्या कार्यशाळेत जाणारा वादक बोटांनी निवड करतो. मिरजेस जाणारा गवई गाऊन.

पुण्यास वाद्य आणणे हेही एक प्रकरणच असे. मीटरगेजच्या गाडीत गवसणी घातलेला तंबोरा उभा धरून बसणारा प्रवासी सहप्रवाशांच्या कोपरांचे जेवढे भय बाळगी तेवढे चोरांचेही नसे. 1971 मध्ये ब्रॉडगेज झाल्यावर वेळ वाचला, भोपळ्याची चिंता तेवढीच राहिली. मागे घोडी सांबरशिंगाची करीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील पुढील दुरुस्त्यांनी ती वाट बंद झाली, आणि आज उंटाचे हाड वा काळे लाकूड वापरतात. 1979 मध्ये बंगळुरास इलेक्ट्रॉनिक तंबोरा निघाला, तो पुण्याच्या फ्लॅटांतून इतका रुळला की पुष्कळ विद्यार्थ्यांना तार जुळविण्याचा प्रसंगच येत नाही; रियाजाला त्याची सोय आहे हे मी अमान्य करीत नाही, पण तार जुळविताना कान जेवढा तयार होतो तेवढा बटन दाबून होत नाही, हेही खरे. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, हे उचितच झाले; मात्र त्या शिक्क्याने वाद्य कोठले हे कळते, ते कोणत्या पट्टीला बोलेल हे कळत नाही.

राहता राहिला जुन्या तंबोऱ्याचा विषय. पेठांतले वाडे पाडून इमारती उठू लागल्या तशी आजोबांच्या खोलीत खुंटीवर टांगलेली वाद्ये विक्रीस निघाली, आणि ज्याला घाई नाही त्याने नव्यापेक्षा असेच एखादे वाद्य शोधावे, असे मी सुचवीन. चाळीस-पन्नास वर्षे सुकलेल्या भोपळ्याचा नाद नव्यात येत नाही. तारा गंजल्या असतील, खुंट्या ढिल्या असतील, जवारी बसली असेल, क्वचित तबलीही बदलावी लागेल. हे सारे मिरजेचा कारागीर करून देतो. फक्त गवसणी काढल्याबरोबर भोपळ्याच्या बुडाशी पिठासारखी बारीक पूड दिसली, तर कितीही स्वस्त असला तरी तो घेऊ नये, कारण कीड लागलेल्या भोपळ्याला उपाय नाही.