भोंगा ते टाइमशीट : कामाच्या तासांचा हिशेब

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये दारातील यंत्राला ओळखपत्र टेकवताच येण्याची वेळ नोंदली जात असली, तरी त्या नोंदीमागचा हक्क मुंबईच्या गिरणगावात घडला. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने केवळ बालकामगारांचे तास मर्यादित केले होते. म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये गिरणी कामगारांनी रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आणि सकाळी साडेसहा ते सूर्यास्त अशी कामाची वेळ मागितली. १८९० मध्ये साप्ताहिक सुट्टी मान्य झाली, तर १९४८ च्या कायद्याने कारखान्यांत दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली.

दुकाने व आस्थापनांसाठीच्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानेही हीच मर्यादा ठेवली. सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती आणि जादा कामाला, म्हणजे ओव्हरटाइमला, दुप्पट दराने वेतन ठरवले. मात्र व्यवस्थापकीय व गोपनीय स्वरूपाची पदे त्यातून वगळली.

गिरणीत भोंगा आणि हजेरीपट यांमुळे पाळीची सुरुवात व शेवट सर्वांना ठाऊक असे. संगणक-उद्योगातील टाइमशीट, म्हणजे कोणत्या प्रकल्पावर किती तास लागले याचा तक्ता, बहुधा ग्राहकाच्या देयकासाठी भरला जातो. तेथे पगार मासिक असल्याने घरून केलेले रात्रीचे काम सहज नोंदीबाहेर राहते. तासांची नोंद कामगाराच्या हक्कासाठी ठेवली जावी, हीच या इतिहासाची खरी शिकवण आहे.