स्वच्छ हवा, पण कोणासाठी?

चिप बनवणाऱ्या फॅक्टरीचा फोटो म्हटला की डोळ्यांसमोर काय येतं? पायापासून डोक्यापर्यंत सूटमध्ये गुंडाळलेली, फक्त डोळे दिसणारी माणसं. इंटेलने तर १९९७ मध्ये हेच सूट रंगीबेरंगी करून जाहिरातीत नाचवले होते. बघणाऱ्याला साहजिकच वाटतं, आत काहीतरी घातक असणार, म्हणून बिचाऱ्यांना एवढं झाकलंय. गंमत म्हणजे प्रकार नेमका उलटा आहे. तो सूट चिपला माणसापासून वाचवण्यासाठी असतो!

कारण आपण सगळे चालतेबोलते धुळीचे कारखाने आहोत. नुसतं एका जागी गप्प बसलं तरी त्वचेचे, कपड्यांचे लाखभर सूक्ष्म कण मिनिटाला हवेत सोडतो. आपल्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन. चिपवरच्या रेषा एका मायक्रॉनच्याही खाली गेल्यावर अर्ध्या मायक्रॉनचा कण म्हणजे घाटात कोसळलेली दरडच.

पण या दरडीवरचा इलाज शोधला तो चिपवाल्यांनी नाही, बॉम्बवाल्यांनी.

आधी फिल्टरची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हाती जर्मन गॅस मास्क लागले. त्यांच्यातला कागद हवेतले कण फारच छान अडवायचा. ब्रिटिशांनी तो अमेरिकन लष्कराच्या रासायनिक युद्ध विभागाकडे पाठवला. त्या कागदात होतं काय, तर एका गवताच्या लगद्यात मिसळलेले अ‍ॅस्बेस्टॉसचे बारीक तंतू. म्हणजे बघा, अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीने कामगारांची फुप्फुसं निकामी होतात हे ब्रिटनच्या सरकारी अहवालात १९३० सालीच आलं होतं, आणि श्वास शुद्ध करायचा कागद त्याचाच! असो. त्याच धर्तीचे फिल्टर पुढे अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रकल्पात किरणोत्सारी कण अडवायला वापरले गेले. आज आपण ज्याला हेपा म्हणतो तो त्यांचाच वंशज. अ‍ॅस्बेस्टॉस जाऊन त्यात काचेचे तंतू आले. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण तो अडवतो.

नुसता फिल्टर असून भागत नाही. सँडिया ही अमेरिकेची अण्वस्त्रांची प्रयोगशाळा. अण्वस्त्रातले बारीक यांत्रिक भाग धुळीमुळे बिघडत होते. तेव्हाच्या 'क्लीन रूम'मध्ये सगळं घासूनपुसून, बंदिस्त करून ठेवायचे, तरी एका घनफूट हवेत दहा लाखांच्या आसपास कण असायचे. कारण सोपं होतं. खोलीतली हवा गोल गोल फिरायची आणि माणसाने सोडलेला कण तिच्याबरोबर फिरत राहायचा.

विलिस व्हिटफिल्ड नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने १९६० च्या सुमारास यावर जो उपाय काढला तो ऐकून वाटतं, हे तर कोणालाही सुचलं असतं. हवेचाच झाडू करायचा! अख्ख्या छतातून फिल्टर केलेली हवा संथपणे सरळ खाली सोडायची, जमिनीला जाळी ठेवायची, आणि खालून ती ओढून घ्यायची. मिनिटाला साधारण दहा वेळा खोलीतली सगळी हवा बदलायची. कण हवेत आला की थेट खाली. पहिल्यांदा मोजलं तेव्हा आकडा इतका कमी आला की यंत्रच बिघडलंय असं वाटलं. सरासरी भरली घनफुटाला ७५० कण, म्हणजे हजारपटीहून जास्त सुधारणा. १९६२ मध्ये हे जाहीर झालं आणि 'टाइम'ने व्हिटफिल्डला 'मिस्टर क्लीन' करून टाकलं. पाठोपाठ १९६३ मध्ये अमेरिकेचं सरकारी मानक आलं. 'क्लास १००' म्हणजे घनफुटात अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे जास्तीत जास्त १०० कण. ऑपरेशन थिएटर, औषधनिर्मिती, चिप, सगळीकडे हे तंत्र पोचलं. आज तुमच्या खिशातला मोबाईल आहे, त्यात या माणसाचा मोठा वाटा आहे.

आता खरा मुद्दा. हे मानक मोजतं काय? फक्त कण. हेपामधून वायू आणि सॉल्व्हंटच्या वाफा आरामात निघून जातात. चिप बनवायला तर नाना प्रकारची रसायनं लागतात. त्यांच्यासाठी वेगळे एक्झॉस्ट असतात हे खरं, पण ठरावीक तापमानाची आणि दमटपणाची हवा बनवणं महाग पडतं, म्हणून बरीचशी हवा तीच ती परत फिरवली जाते. एक्झॉस्टमधून जी वाफ निसटली ती त्या 'स्वच्छ' हवेबरोबर फिरत राहते. काउंटर मात्र दाखवणार, सब कुछ ठीक :-)

१९८० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या चिप कारखान्यातल्या बायकांची पाहणी केली. काही विभागांत गर्भपाताचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट निघालं. १९९२ पर्यंत आणखी दोन मोठ्या अभ्यासांतही वाढ दिसली आणि बोट गेलं ग्लायकॉल ईथर या सॉल्व्हंटकडे. अमेरिकन कंपन्यांनी मग ते हळूहळू वापरातून काढलं.

पण तोवर चिपचं बरंच उत्पादन आशियात सरकलं होतं. ह्वांग यू-मी २००३ मध्ये दक्षिण कोरियातल्या सॅमसंगच्या कारखान्यात लागली. काम होतं वेफर रसायनांत बुडवून धुण्याचं. २००५ मध्ये तिला ल्युकेमिया झाला आणि मार्च २००७ मध्ये, २२ व्या वर्षी, टॅक्सी ड्रायव्हर असलेल्या वडिलांच्या गाडीतच ती गेली. तिच्याबरोबर काम करणारी सहकारी २००६ मध्येच त्याच आजाराने गेली होती. वडील लढत राहिले. २०११ मध्ये सोलच्या न्यायालयाने दोघींचे मृत्यू कामाशी संबंधित मानले. कामामुळेच आजार झाला हे सॅमसंगने वर्षानुवर्षं मान्य केलं नाही, पण नोव्हेंबर २०१८ मध्ये कंपनीने जाहीर माफी मागून भरपाई मान्य केली. प्रत्येक केसमध्ये नेमकं कारण सिद्ध करणं अवघड, कारण ती माणसं कोणत्या हवेत श्वास घेत होती याच्या पुरेशा नोंदीच नव्हत्या. घनफुटात किती कण, याच्या मात्र अगदी चोख होत्या.

आपण सॉफ्टवेअरवाले एक वाक्य नेहमी ऐकतो, जे मोजाल तेच सुधारेल. त्याची दुसरी बाजू ही आहे. व्हिटफिल्डची काही चूक नव्हती. त्याला धूळ काढायला सांगितली होती, त्याने काढली. वाफा कोणी मोजायच्या, हे कोणी ठरवलंच नाही.

१३ मार्च २०२४ रोजी धोलेऱ्यात चिप फॅबची पायाभरणी झाली. आपल्या ओळखीतली, आपल्याच कॉलेजांतली मुलंमुली अशा खोल्यांमधून काम करणार. चांगलंच आहे. फक्त 'क्लास' विचारताना आणखी एक विचारायला हवं. या खोलीतला कोणता मीटर वेफरसाठी आहे आणि कोणता माणसासाठी?