वर्सोवा–घाटकोपर मेट्रो: वाढीव खर्च कोणाच्या माथी?

11.4 किलोमीटरची वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो 8 जून 2014 रोजी सुरू झाली, तेव्हा तिच्या खर्चाचे दोन आकडे होते. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (एमएमआरडीए) कागदावर 2,356 कोटी रुपये. चालवणाऱ्या कंपनीच्या हिशेबात 4,321 कोटी.

वादाचे बीज निविदेतच आहे. सरकारी अनुदान 650 कोटींवर ठरले आणि तिथेच थांबले. उरलेले 1,706 कोटी कंपनीने भागभांडवल व कर्जातून उभे करायचे. कंपनीचा आकडा खरा धरला, तर हाच बोजा 3,671 कोटींवर जातो. प्रकल्प पावणेदोन पटींहून थोडा जास्त महागला, पण कंपनीचा वाटा दुपटीच्याही पुढे गेला. अनुदान स्थिर असले की वाढीचा प्रत्येक रुपया एकाच बाजूला पडतो. कंपनी म्हणते, जागा वेळेवर ताब्यात मिळाली नाही. प्राधिकरण म्हणते, बांधकामाची जोखीम करारानेच तुमची. दोन्ही म्हणणी कागदावर टिकतात, म्हणूनच प्रकरण लवादाकडे गेले.

कर्जाचा हप्ता शेवटी तिकिटातूनच फिटायचा. करारातले दर 9 ते 13 रुपये होते, कंपनीने 10 ते 40 जाहीर केले. तिचा आधार 2002 चा मेट्रो कायदा: पहिले भाडे मेट्रो प्रशासनाने ठरवायचे, पुढचे भाडेनिश्चिती समितीने. सरकार मात्र कराराकडे बोट दाखवत राहिले. 2015 मध्ये समितीने 110 रुपयांपर्यंतच्या भाड्याची शिफारस केली. डिसेंबर 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. त्या दराने अंधेरीचा चाकरमानी पुन्हा बेस्टच्या रांगेत गेला असता, हे सांगायला समिती लागत नाही.

सगळ्यात विचित्र स्थान एमएमआरडीएचे. काम देणारी तीच, कंपनीत 26 टक्के भागीदारही तीच. ऑगस्ट 2023 मध्ये लवादाने कंपनीला सुमारे 992 कोटी देण्याचा निवाडा दिला. म्हणजे प्राधिकरण हरले, तर त्याच पैशातला चौथ्या हिश्श्याहून थोडा अधिक भाग भागधारक म्हणून त्याच्याच खात्याशी जोडलेला. मार्च 2024 मध्ये मंत्रिमंडळाने खासगी बाजूचा 74 टक्के हिस्सा सुमारे 4,000 कोटींना घ्यायचे ठरवले. जूनमध्ये तो निर्णय मागे घेतला गेला.