वाळवंट सुटलं, मुंडासं राहिलं : डकार रॅलीच्या बोधचिन्हाची गोष्ट

साहसी खेळांच्या स्पर्धेसाठी बोधचिन्ह करायचं म्हटलं की साधारण काय काढतात? वीज, ज्वाळा, झेपावणारा प्राणी, नाहीतर तिरकी धारदार अक्षरं. डकार रॅलीनं यातलं काही घेतलं नाही. तिच्या चिन्हात मोटार नाही, मोटारसायकल नाही, साधं चाकसुद्धा नाही. आहे तो मुंडासं गुंडाळलेल्या एका तुआरेग माणसाचा चेहरा, मोजक्या रेषांत.

थोडं मागे जाऊ. थिएरी साबीन नावाचा फ्रेंच मोटारसायकलस्वार १९७७ साली आबिजान-नीस रॅलीत वाळवंटात वाट चुकला. नशिबानं वाचला. कोणी दुसरा असता तर पुन्हा तिकडे फिरकला नसता. यानं तिथूनच जाणारी शर्यत काढली. २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून गाड्या निघाल्या, दहा हजार किलोमीटर दूरच्या डकारकडे. मोटारसायकलवाला सिरिल नव्हू पहिला आला.

आता बघा, अशा शर्यतीत आयोजकाच्या चिन्हाला जागा किती मिळते? गाडी प्रायोजकानं विकत घेतलेली असते. १९८६ ची पोर्शे रॉथमन्सच्या रंगात, पुढच्या वर्षांतल्या प्यूजो कॅमलच्या पिवळ्या रंगात. सिगरेट कंपन्यांचा तो सुवर्णकाळ, बरं का. त्या गर्दीत, धुळीनं माखलेल्या दारावर, नंबराशेजारी आपलं चिन्ह दिसायला हवं. एका रंगात छापलं तरी कळायला हवं आणि अक्षरं न वाचणाऱ्यालाही ओळखता यायला हवं. या कसोटीवर तो चेहरा पहिल्या नंबरानं पास होतो, हे मान्यच करायला हवं.

पण चेहरा कोणाचा? डकार हे सेनेगलचं अटलांटिक किनाऱ्यावरचं बंदर. तिथं रस्त्यावर कानावर पडते ती वोलोफ भाषा. तुआरेगांचा मुलूख कितीतरी आत, माली, नायजर, अल्जीरिया, लिबियाच्या सहारात. म्हणजे नाव एका ठिकाणचं आणि तोंड दुसऱ्या ठिकाणचं! तुआरेगांमध्ये चेहरा झाकतात ते पुरुष. त्या कापडाला तागेलमुस्त म्हणतात. निळीत रंगवलेलं असलं की त्याचा रंग कातडीला लागतो, म्हणून बाहेरचे लोक त्यांना ‘निळी माणसं’ म्हणू लागले. आपल्याकडे पागोट्याला जो मान, तसाच काहीसा त्या कापडाला. शर्यतीला त्यातून हवं होतं ते एवढंच : दूरचं, अवघड, गूढ काहीतरी.

आणि ज्यांच्या दारावरून शर्यत जायची त्यांच्या वाट्याला काय आलं? शर्यतीत स्पर्धक मेले. १९८६ मध्ये खुद्द साबीन हेलिकॉप्टर कोसळून गेला. पण स्पर्धक निदान स्वतःहून आलेले असतात. २००६ साली शर्यत संपत आली असताना दोन लहान मुलं गाड्यांखाली गेली, एक गिनीत, एक सेनेगलमध्ये. त्यांनी कुठे नाव नोंदवलं होतं? १९९० पासून माली आणि नायजरमध्ये तुआरेगांचं बंड सुरू होतं. ज्यांचा चेहरा बोनेटवर मिरवत होता तेच लोक आपल्या सरकारांशी लढत होते, आणि चिन्ह मात्र होतं तसंच गूढ, शांत. मला हे खटकतं.

मग २००८ आलं. मॉरिटानियात त्याआधी नुकतीच चार फ्रेंच पर्यटकांची हत्या झाली होती, धमक्या आल्या आणि निघण्याच्या आदल्या दिवशी शर्यत रद्द झाली. २००९ पासून ती दक्षिण अमेरिकेत गेली. आता नाव बदलायचं का? चेहरा बदलायचा का? काहीच बदललं नाही! त्या वर्षी अर्जेंटिना-चिलीच्या मातीत मोटारींमध्ये जिंकली ती फोक्सवॅगन, आणि त्या गाडीचं नाव काय, तर तुआरेग. गाडीचं नाव तुआरेग, चिन्हावर तुआरेग आणि खरा तुआरेग मुलूख महासागरापलीकडे.

२०२० पासून शर्यत सौदी अरेबियात आहे. आपल्या सी. एस. संतोषनं २०१५ मध्ये ती पूर्ण केली, अशी कामगिरी करणारा तो पहिला भारतीय. २०२४ मध्ये हारिथ नोआनं ‘रॅली २’ गट जिंकला. दोघांच्याही छातीवर ‘डकार’ होतं. एक दक्षिण अमेरिकेत धावला होता, दुसरा अरबस्तानात.

दरम्यान शर्यतीतला जुना विजेता ह्यूबेर ओरिओल यानं आफ्रिकेतूनच जाणारी वेगळी रॅली सुरू केली. ती डकारजवळच्या गुलाबी सरोवरापाशी संपते, जुनी शर्यत संपायची तिथंच. तिचं नाव आहे ‘आफ्रिका इको रेस’. ‘डकार’ हे नाव आणि तो चेहरा, दोन्ही एका फ्रेंच कंपनीच्या मालकीचे आहेत.