चेल्सी २००४-०५ : पैसा, शिस्त आणि अवघे १५ गोल

इंग्लंडच्या प्रीमिअर लीग फुटबॉल स्पर्धेचे २००४-०५ च्या हंगामाचे विजेतेपद लंडनच्या चेल्सी क्लबने पटकावले. क्लबच्या स्थापनेला त्याच हंगामात १०० वर्षे पूर्ण झाली आणि याआधीचे लीग विजेतेपद बरोबर ५० वर्षांपूर्वीचे होते. ३८ सामन्यांत २९ विजय, ८ बरोबरी, एकच पराभव आणि ९५ गुण ही त्या वर्षीची कमाई होती. नवे प्रशिक्षक जोझे मोरिन्हो यांचा इंग्लंडमधील तो पहिलाच हंगाम होता.

या यशाचे श्रेय त्या काळी अनेकांनी रशियन मालक रोमन अब्रामोविच यांच्या तिजोरीला दिले. तिजोरीचा वाटा नाकारता येणार नाही. परंतु ती आदल्या हंगामातही उघडीच होती आणि तेव्हा संघाला दुसऱ्या स्थानावर समाधान मानावे लागले होते. मग एका वर्षात फरक कोठे पडला? २००३-०४ मध्ये चेल्सीने ६७ गोल केले होते, २००४-०५ मध्ये ७२. म्हणजे वाढ केवळ ५ गोलांची. स्वीकारलेले गोल मात्र ३० वरून १५ वर, थेट निम्म्यावर आले. मोरिन्हो यांच्या पहिल्या हंगामाची कहाणी मुख्यतः या दुसऱ्या आकड्याची आहे.

पन्नास वर्षांची प्रतीक्षा

चेल्सीची स्थापना मार्च १९०५ मध्ये झाली. पश्चिम लंडनमधील स्टॅमफर्ड ब्रिज हे मैदान तेव्हापासूनच क्लबचे घर आहे. १९५४-५५ मध्ये टेड ड्रेक यांच्या मार्गदर्शनाखाली संघ प्रथमच इंग्लंडचा विजेता ठरला. युरोपियन चषक स्पर्धेत उतरण्याची संधी त्या वेळी चालून आली होती, पण इंग्लिश लीगच्या सल्ल्यावरून क्लबने माघार घेतली. त्यानंतर चषक स्पर्धांमध्ये अधूनमधून यश मिळाले तरी लीगचे विजेतेपद हुलकावणी देत राहिले.

अब्रामोविच यांनी जुलै २००३ मध्ये कर्जात बुडालेला हा क्लब विकत घेतला आणि पहिल्याच उन्हाळ्यात खेळाडूंच्या खरेदीवर १० कोटी पौंडांहून अधिक रक्कम ओतली. इटालियन प्रशिक्षक क्लॉडिओ रानिएरी यांच्या हाती नव्या खेळाडूंची फौजच आली. संघ लीगमध्ये दुसरा आला आणि चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला, पण तेथे मोनॅकोने त्याला गारद केले. आर्सेनलने तो हंगाम एकही सामना न गमावता जिंकला होता. मे २००४ अखेर रानिएरी यांना निरोप देण्यात आला.

दुभाष्या ते प्रशिक्षक

चेल्सीला हरवणाऱ्या मोनॅकोचा अंतिम सामन्यात ३-० असा धुव्वा उडवला तो पोर्तुगालच्या पोर्टो संघाने. त्या संघाचे प्रशिक्षक होते ४१ वर्षांचे मोरिन्हो. व्यावसायिक खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द नगण्य होती. इंग्लिश प्रशिक्षक बॉबी रॉबसन पोर्तुगालमध्ये आले तेव्हा मोरिन्हो त्यांचे दुभाषी झाले आणि पुढे बार्सिलोनापर्यंत त्यांच्यासोबत गेले. भाषांतर करता करता त्यांनी प्रशिक्षणाचे शास्त्र आत्मसात केले. पोर्टोला त्यांनी २००३ मध्ये युएफा चषक आणि २००४ मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकून दिली.

२ जून २००४ रोजी चेल्सीने त्यांची नियुक्ती जाहीर केली. पहिल्याच पत्रकार परिषदेत त्यांनी आपण युरोपचे विजेते असून इतरांपेक्षा खास आहोत, असे ठणकावून सांगितले. ‘खास’ ही बिरुदावली त्यांना कायमची चिकटली. इंग्लिश वृत्तपत्रांना वर्षभर पुरेल इतका मजकूर त्या एका वाक्याने दिला. संघबांधणीचे काम मात्र पत्रकार परिषदेइतके झगमगीत नव्हते.

कोण आले, कोण गेले

त्या उन्हाळ्यात मार्सेयचा आघाडीपटू दिदिएर ड्रोग्बा २ कोटी ४० लाख पौंडांना आला. पोर्टोहून बचावपटू रिकार्डो कार्व्हालो आणि पाउलो फरेरा, तर बेनफिकाहून मध्यफळीतील टियागो दाखल झाला. गोलरक्षक पीटर चेक आणि बगलेवरून मुसंडी मारणारा आर्यन रॉबेन यांचे करार मोरिन्हो येण्यापूर्वीच ठरले होते. ड्रोग्बाच्या तुलनेत चेकची किंमत किरकोळ होती, सुमारे ७० लाख पौंड. हंगामअखेर तीच खरेदी सर्वाधिक फळाला आली, असे म्हणावे लागते.

गेलेल्यांची नावेही बोलकी होती. आदल्याच वर्षी मोठ्या रकमा मोजून आणलेले अर्जेंटिनाचे हर्नान क्रेस्पो आणि हुआन सेबास्टियन व्हेरॉन हे दोघे इटलीतील क्लबांना उसने देण्यात आले. आघाडीपटू अॅड्रियन मुतू उत्तेजक चाचणीत कोकेनसाठी दोषी आढळल्यानंतर ऑक्टोबरमध्ये क्लबने त्याचा करारच संपुष्टात आणला. कर्णधारपद क्लबच्याच युवा संघातून वर आलेल्या २३ वर्षीय जॉन टेरीकडे सोपवण्यात आले. नावापेक्षा उपयोगाला महत्त्व, हा संदेश पुरेसा स्पष्ट होता.

तीन जणांची मध्यफळी

इंग्लंडमधील बहुतेक संघ तेव्हा चार बचावपटू, चार मध्यरक्षक आणि दोन आघाडीपटू अशा पारंपरिक रचनेने खेळत. मोरिन्हो यांनी हंगामाच्या सुरुवातीचा काही काळ वगळता चार-तीन-तीन रचनेवर भर दिला. बचावफळीच्या पुढे एकटा क्लॉड मॅकेलेले उभा राही. त्याच्या पुढे फ्रँक लॅम्पार्ड आणि टियागो, दोन्ही बगलांवर डेमियन डफ व रॉबेन किंवा जो कोल, आणि मध्ये ड्रोग्बा अथवा एडुर गुडयॉनसन.

या रचनेचा फायदा साध्या हिशेबाचा होता. प्रतिस्पर्ध्याचे दोन मध्यरक्षक मैदानाच्या मध्यभागी चेल्सीच्या तिघांना तोंड देत. त्यामुळे एक जण नेहमी मोकळा राही आणि चेंडू सहसा चेल्सीच्याच ताब्यात राही. चेंडू गमावला तर प्रतिहल्ल्याच्या वाटेवर मॅकेलेले आधीच उभा असे. बगलांवरील खेळाडूंनाही बचावासाठी मागे धावावे लागे. जो कोलसारख्या चेंडूशी खेळण्याची आवड असणाऱ्या खेळाडूला ही शिस्त अंगी बाणवेपर्यंत संघात जागा पक्की करता आली नाही. सराव प्रामुख्याने चेंडूसहच होत असे. नुसत्या धावण्याने दमसास वाढवण्यापेक्षा सामन्यातील प्रसंगांचीच घोटून तयारी करून घेण्यावर मोरिन्हो आणि त्यांचे सहकारी रुई फारिया यांचा भर होता.

आधी ८ गोल, मग २९

१५ ऑगस्ट २००४ रोजी पहिल्याच सामन्यात चेल्सीने मँचेस्टर युनायटेडला गुडयॉनसनच्या गोलवर १-० असे हरवले. पुढील काही आठवडे याच धर्तीचे निकाल लागत राहिले. पहिल्या नऊ सामन्यांत संघाने केवळ ८ गोल केले आणि २ स्वीकारले. एवढा पैसा खर्च करून इतका कंटाळवाणा खेळ का, अशी टीका होऊ लागली. टॉटनहॅमने स्टॅमफर्ड ब्रिजवर गोलशून्य बरोबरी साधली तेव्हा प्रतिस्पर्ध्यांनी गोलसमोर जणू बस आणून उभी केली, असा शेरा मोरिन्हो यांनी मारला. पुढे बचावात्मक खेळासाठी तो शब्दप्रयोग जगभर रूढ झाला आणि अनेकदा त्यांच्याच संघांना ऐकावा लागला.

१६ ऑक्टोबरला मँचेस्टर सिटीविरुद्ध निकोलस अनेल्काने पेनल्टीवर केलेल्या एकमेव गोलने चेल्सीला पराभव पत्करावा लागला. लीगमधील तो पहिला आणि शेवटचा पराभव. त्यानंतर उरलेले २९ सामने संघ अपराजित राहिला.

याच सुमारास दुखापतीतून सावरलेला रॉबेन मैदानात उतरला आणि चित्र पालटले. पुढच्या नऊ सामन्यांत चेल्सीने २९ गोल केले, त्यांपैकी सहा सामन्यांत प्रत्येकी चार. ६ नोव्हेंबरला रॉबेनच्या गोलने एव्हर्टनला नमवून संघ गुणतक्त्यात अव्वल स्थानी पोहोचला आणि ते स्थान त्याने अखेरपर्यंत सोडले नाही.

१०२५ मिनिटे

१२ डिसेंबरला हायबरीवर आर्सेनलशी २-२ अशी बरोबरी झाली. त्या सामन्यात थिएरी ऑन्रीने केलेल्या गोलनंतर चेकच्या मागचे जाळे थेट ५ मार्च २००५ ला नॉर्विचविरुद्ध हलले. मधल्या काळात लीगमध्ये तब्बल १०२५ मिनिटे त्याला कोणी चकवू शकले नाही. सलग दहा सामन्यांत संघाने गोल स्वीकारला नाही. त्यांपैकी नऊ जिंकले, तर मँचेस्टर सिटीविरुद्धचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला.

या दहा सामन्यांतील सर्वांत कठीण परीक्षा २ फेब्रुवारीला ब्लॅकबर्नच्या मैदानावर झाली. रॉबेनने सुरुवातीलाच गोल केला, पण थोड्याच वेळात एका आडदांड हिसक्यात जखमी होऊन तो बाहेर गेला. पॉल डिकॉव्हची पेनल्टी चेकने अडवली आणि १-० ही आघाडी संघाने शेवटपर्यंत राखली. त्या हंगामात चेल्सीने ११ सामने १-० अशा फरकाने जिंकले. ३८ पैकी २५ सामन्यांत संघाने गोल स्वीकारलाच नाही.

चषकांच्या लढती

फेब्रुवारीचा उत्तरार्ध खडतर गेला. २० तारखेला न्यूकॅसलने एफए चषकातून १-० असे बाहेर काढले. मध्यंतरालाच तिन्ही बदली खेळाडू उतरवण्याचा मोरिन्हो यांचा जुगार अंगलट आला. लगेच वेन ब्रिज गंभीर जखमी झाला आणि संघाला दहा जणांनिशी झुंजावे लागले. तीन दिवसांनी बार्सिलोनाने २-१ असे हरवले. मात्र २७ फेब्रुवारीला कार्डिफ येथे लिव्हरपूलवर जादा वेळेत ३-२ अशी मात करून चेल्सीने लीग चषक जिंकला. मोरिन्हो यांच्या चेल्सीतील कारकीर्दीतील हा पहिला करंडक. बरोबरीचा गोल होताच ओठांवर बोट ठेवून गप्प राहण्याची खूण केल्याबद्दल त्यांना मैदानाच्या कडेवरून हटवण्यात आले होते. त्यामुळे विजयी गोलच्या वेळी ते आपल्या जागी नव्हते.

चॅम्पियन्स लीगच्या परतीच्या लढतीत बार्सिलोनाविरुद्ध पहिल्या १९ मिनिटांत तीन गोल करून चेल्सीने ४-२ असा संस्मरणीय विजय मिळवला. परंतु पहिल्या लढतीनंतर मोरिन्हो यांनी पंच अँडर्स फ्रिस्क यांच्यावर केलेल्या आरोपांचे गंभीर पडसाद उमटले. धमक्या आल्यामुळे फ्रिस्क यांनी पंचगिरीच सोडली. युएफाने मोरिन्हो यांच्यावर दोन सामन्यांची बंदी घातली. बायर्न म्युनिकला एकूण ६-५ असे नमवून संघ उपांत्य फेरीत गेला. तेथे लुईस गार्सियाच्या गोलने लिव्हरपूलने त्याची वाट अडवली. चेंडूने गोलरेषा ओलांडली होती की नाही, हा वाद कधीच मिटला नाही. दोन्ही लढती मिळून १८० मिनिटांत चेल्सीला एकही गोल करता आला नाही, हेही तितकेच खरे.

बोल्टनमध्ये शिक्कामोर्तब

३० एप्रिल २००५ रोजी बोल्टनच्या मैदानावर लॅम्पार्डने उत्तरार्धात दोन गोल केले आणि तीन सामने शिल्लक असतानाच विजेतेपदावर शिक्कामोर्तब झाले. १० मेला ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडच्या खेळाडूंनी दुतर्फा उभे राहून नव्या विजेत्यांना मानवंदना दिली. चेल्सीने तो सामनाही ३-१ असा जिंकला. लॅम्पार्ड लीगमधील सर्व ३८ सामने खेळला आणि फुटबॉल पत्रकारांच्या संघटनेने त्याची सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड केली. व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेचा तोच सन्मान टेरीला मिळाला.

यशाची किंमत

या यशाची दुसरी बाजू क्लबच्या ताळेबंदात दिसली. जून २००५ अखेर संपलेल्या वर्षात चेल्सीला सुमारे १४ कोटी पौंडांचा तोटा झाला. मालकाच्या खिशातून भरून निघणारा एवढा खड्डा अन्य कोणत्याही इंग्लिश क्लबला परवडणारा नव्हता. आर्सेनलचा अॅशली कोल करारबद्ध असताना त्याच्याशी परस्पर बोलणी केल्याबद्दल क्लबला आणि मोरिन्हो यांना दंडही झाला. पैसा आणि शिस्त यांपैकी एकालाच श्रेय देणारे दोन्ही पक्ष म्हणूनच अर्धसत्य सांगतात. पैशाने संघ दुसऱ्या क्रमांकापर्यंत आला, तेथून पहिल्या क्रमांकापर्यंतचे अंतर बचावाच्या शिस्तीने कापले गेले.

पुढच्या हंगामातही विजेतेपद राखल्यानंतर सप्टेंबर २००७ मध्ये मोरिन्हो आणि क्लब यांचे मार्ग वेगळे झाले. २०१३ ते २०१५ या काळात ते पुन्हा येऊन आणखी एक लीग विजेतेपद देऊन गेले. अब्रामोविच यांची मालकी २०२२ मध्ये संपली. ९५ गुणांचा विक्रम मँचेस्टर सिटीने २०१७-१८ मध्ये १०० गुण मिळवून मोडला. एका हंगामात केवळ १५ गोल स्वीकारण्याच्या विक्रमाची मात्र २०२४-२५ च्या हंगामापर्यंत कोणत्याही संघाला बरोबरीही साधता आली नाही.

हंगाम दृष्टिक्षेपात

सामने ३८, विजय २९, बरोबरी ८, पराभव १
गोल केले ७२, गोल स्वीकारले १५, गुण ९५
घरच्या मैदानावर : १४ विजय, ५ बरोबरी, एकही पराभव नाही
बाहेरच्या मैदानांवर : १५ विजय, ३ बरोबरी, १ पराभव
लीगमधील प्रमुख गोल : लॅम्पार्ड १३, गुडयॉनसन १२, ड्रोग्बा १०
दुसरे स्थान : आर्सेनल (८३ गुण), तिसरे स्थान : मँचेस्टर युनायटेड (७७ गुण)