रंगभूमीवरील स्त्री आणि पुरुषाचें माप

स्त्रीत्व आणि पुरुषत्व या निसर्गानें घालून दिलेल्या अढळ वस्तु आहेत, असा समज पुष्कळ काळ रूढ होता. स्त्रीनें कसें चालावें, कसें बोलावें, किती सोसावें. पुरुषानें केव्हां रागवावें आणि केव्हां रडूं नये, हें सर्व जन्माबरोबरच येतें असें मानलें जाई. या समजाची परीक्षा पाहावयाची तर मराठी रंगभूमीच्या इतिहासासारखें दुसरें साधन क्वचितच सांपडेल. ज्या समाजानें घरंदाज स्त्रीस लोकांपुढें उभें राहूं दिलें नाहीं, त्याच समाजानें जवळजवळ नव्वद वर्षें आदर्श स्त्रीचें रूप पुरुषाच्या अंगावर पाहिलें आणि त्यावरून जीव ओवाळून टाकला.

१८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें, तेव्हां सीता पुरुषच झाला होता. पुढें १८८२ मध्यें अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘सौभद्र’ आलें आणि भाऊराव कोल्हटकरांच्या सुभद्रेनें प्रेक्षकांस वेड लावलें. नाटकमंडळींत स्त्रीपार्टी नटाचें स्थान नायकाहूनही वरचें असे. याच १८८२ सालीं बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध प्रसिद्ध झाला. सुरतेच्या एका तरुण विधवेस बालहत्येबद्दल शिक्षा झाली होती आणि त्या निमित्तानें सर्व स्त्रीजातीवर दोषारोपांचा भडिमार चालला होता. स्त्रियांच्या अंगीं म्हणून जे दुर्गुण दाखविले जातात ते पुरुषांच्या अंगीं नाहींत काय, असा ताराबाईंचा रोकडा सवाल होता. सुभद्रेस टाळ्या मिळाल्या; ताराबाईंच्या सवालास मात्र पुष्कळ वर्षें उत्तर मिळालें नाहीं.

स्त्रीपार्टाची परमावधि झाली ती नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांच्या रूपानें. १८८८ मध्यें जन्मलेला हा गायक नट १९०५ सालीं किर्लोस्कर मंडळींत आला आणि १९१३ मध्यें त्यानें सहकाऱ्यांसह गंधर्व नाटक मंडळी काढली. ‘मानापमाना’तील भामिनी, ‘स्वयंवरां’तील रुक्मिणी, ‘एकच प्याल्यां’तील सिंधु या त्याच्या भूमिका घरोघर बोलल्या जात. विशेष हें कीं, त्यांचें अनुकरण खुद्द स्त्रियांनीं केलें. बालगंधर्वांचा पदर कसा असतो, अंबाडा कसा घातला आहे, गजरा कोठें माळला आहे, हें प्रेक्षागृहांत बसलेल्या कुलीन स्त्रिया न्याहाळीत आणि घरीं जाऊन तसेंच करून पाहत. नाजुकपणा, लज्जा, मान वळविण्याची ढब, यांचे धडे स्त्रियांनीं पुरुषापासून घेतले. जी गोष्ट पुरुष शिकूं शकतो आणि शिकवूंही शकतो, ती केवळ निसर्गदत्त म्हणतां येईल काय?

परंतु हें कौतुक निर्मळ नव्हतें. नाटककार पुरुष, नट पुरुष, मंडळीचे मालकही बहुधा पुरुष. तेव्हां रंगभूमीवरील स्त्री म्हणजे पुरुषांस हवी तशी स्त्री होती. १९१९ सालीं रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’ नाटकांत गडकऱ्यांनीं सुधाकराच्या रूपानें पुरुषी अभिमानाचा अधःपात निर्भीडपणें दाखविला, हें खरें. हा बुद्धिमान वकील अपमान सोसूं शकत नाहीं, दारूच्या आहारीं जातो आणि घराची राखरांगोळी करतो. पण सिंधु जातें ओढते, उपास काढते, आणि मरतांना सुद्धां नवऱ्यावर दोष येऊं देत नाहीं. प्रेक्षकांनीं सुधाकराची कींव केली आणि सिंधूची पूजा केली. पुरुषास क्षमा आणि स्त्रीस सहनशीलता, अशी ही वांटणी होती.

ज्या स्त्रिया स्वतः रंगभूमीवर आल्या त्यांच्या वांट्यास मात्र ही पूजा आली नाहीं. स्त्रियांच्या स्वतंत्र नाटकमंडळ्या होत्या आणि त्यांत पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करीत. परंतु स्त्रीपार्टी पुरुषास ‘गंधर्व’ म्हणणाऱ्या समाजानें पुरुषवेष घेणाऱ्या नटीकडे नवल म्हणून पाहिलें आणि तिच्या अब्रूविषयीं शंका घेतली.

हा बांध प्रथम चित्रपटानें फोडला. १९१३ सालीं दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटांत तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांनीं केली, कारण स्त्री मिळाली नाहीं. त्याच वर्षीं ‘मोहिनी भस्मासुरां’त दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या. तरीही १९१७ च्या ‘लंकादहनां’त राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकटे साळुंकेच करीत होते! पुढें १९३२ मध्यें प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट निघाला. कथा तीच, हरिश्चंद्राची. पण या खेपेस तारामती झाल्या त्या सुशिक्षित घराण्यांतील दुर्गा खोटे. एका तारामतीपासून दुसऱ्या तारामतीपर्यंतचा हा प्रवास अवघा एकोणीस वर्षांचा. परंतु तेवढ्यांत पांढरपेशा घरांचा उंबरठा ओलांडला गेला.

रंगभूमीवर खरें वळण आलें १९३३ सालीं. नाट्यमन्वंतर या संस्थेनें श्री. वि. वर्तक यांचें ‘आंधळ्यांची शाळा’ मुंबईस केलें. स्त्रीभूमिकांत ज्योत्स्ना भोळे व पद्मावती वर्तक होत्या. या प्रयोगाची आठवण बहुधा नटींमुळें केली जाते; पण नाटकाचा विषयही तितकाच महत्त्वाचा होता. मूळ कृति ब्यर्न्सन या नॉर्वेच्या नाटककाराची. विवाहापूर्वींच्या ज्या शीलाची अपेक्षा वधूकडून केली जाते तीच वराकडून कां करूं नये, हा त्यांतील प्रश्न. ताराबाईंनीं एकावन्न वर्षांपूर्वीं कागदावर मांडलेला सवाल आतां रंगभूमीवरून, आणि तोही स्त्रीच्याच मुखानें, विचारला गेला.

इतिहासाचा कौल स्पष्ट आहे. बालगंधर्वांची कला थोर होती. १९६७ मध्यें ते गेले, तरी त्यांचें गाणें राहिलें. पण पुरुषानें स्त्रीचा वेष हुबेहूब घेतला एवढ्यानें स्त्रीचें जिणें बदललें नाहीं. तें बदलूं लागलें तें स्त्री स्वतः बोलूं लागल्यावर, आणि तिच्यासाठीं राखून ठेवलेलें माप पुरुषासही लावलें जाऊं लागल्यावर. वेष वर्षांत बदलतो. माप बदलावयास पिढ्या लागतात. तें काम रंगभूमीवर सुरू झालें असलें, तरी त्याचा शेवटचा अंक घराघरांतच व्हावयाचा आहे.